रेडिएटरमधली हळद

धरणगावच्या रखमाअक्कांनी माझी नोकरी वाचवली. आजही फोडणीत हळद करपली, की त्यांच्या विहिरीजवळ बंद पडलेली शेठची जुनी मोटार आठवते.

ऐंशीच्या दशकातला उन्हाळा होता. सातवीतून शाळा सोडलेला मी कोकणातून इतक्या लांब ड्रायव्हर म्हणून आलो होतो. शेठना जळगावहून धुळ्याला लग्नाला नेताना इंजिन पुन्हा उकळलं.

"पाणी बघतोस की झोपा काढतोस? धुळं आलं की चालता हो!" शेठ ओरडले. रोज सकाळी मी पाणी भरत होतो. मी खाली उतरून बॉनेट उघडलं.

अक्कांनी घागर आणली. इंजिन निवल्यावर मी रेडिएटरचा खालचा पाइप सोडला, तर पिवळा गाळ आला. अक्कांनी तो बोटावर घेऊन हुंगला.

"हाई ते हळद शे! कोनी टाकी?"

रेडिएटर गळला की भोक बुजवायला शेठच त्यात हळद टाकायचे. चिमटीची मूठ झाली आणि गळतीबरोबर पाण्याची वाटही बुजली.

"मी टाकली. तुला काय करायचंय?" शेठ गुरगुरले.

"मंग या पोऱ्यावर कसाले वरडस? मोटारले नवरदेव समजस का, हळद लावाले?"

शेठ लालबुंद झाले, पण मला काढायचं पुन्हा बोलले नाहीत. त्या वेळी मला अक्कांचाच राग आला होता. वाटलं, ही बाई शेठला चिडवून माझी भाकरी घालवणार. माझ्यासाठी त्यांनी भांडण अंगावर घेतलं, हे फार उशिरा कळलं.

आता माझी स्वतःची गाडी आहे. एकदा धरणगावला जाऊन अक्कांना पुढच्या सीटवर बसवीन आणि त्या म्हणतील तिथे नेईन.