लाटण्याचा धक्का

गॅलरीतलं कपडे धुवायचं मशीन बंद पडलं तेव्हा बायको म्हणाली, "मेकॅनिकला बोलवू," आणि माझं डोकंच फिरलं. घरात इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर बसलाय आणि मेकॅनिक? "बरं, शनिवारपर्यंत तू बघ," ती म्हणाली. म्हणजे माझ्या अब्रूला चार दिवसांची मुदत मिळाली.

भुकूमला आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. खाली घरमालकीण काकू आणि त्यांची दोन मुलं. शेत विकल्यापासून काकूंच्या हाताला कामच उरलं नाही. कशाला हात लावायला गेल्या की मुलं म्हणतात, "आये, तू गप बस. आराम कर आता." आराम त्यांना सोसत नाही. मग वर येऊन आमचा कुठला नळ गळतोय, दिवसाढवळ्या कुठला दिवा चालू आहे, हे बघत फिरतात. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा वैताग यायचा.

माझं ऑफिस घरूनच. तीन दिवसांत मी मशीनचा पट्टा बदलला, पाइप बदलला, व्हिडिओ बघून बघून डोळे चुरचुरायला लागले. बटण दाबलं की मशीन नुसतं हुं करायचं. तळाची चकती हलेल तर शपथ! शुक्रवारी दुपारी मी त्याला एक सणसणीत लाथ घातली. पाणी हिंदकळलं आणि गॅलरीतून थेट खाली, काकूंनी वाळत घातलेल्या मिरच्यांवर.

काकू तरातरा वर आल्या. शिव्या घालायला तोंड उघडलं आणि तशाच थांबल्या. "नुसतं हुं करतंय व्हय? लाटणं आण."

मला वाटलं, आता मार खातोय. पण त्यांनी लाटण्याच्या टोकानं चकतीला बाजूनं एक धक्का दिला आणि अहो, चकती गरागरा फिरायला लागली!

"कंडेन्सर गेलाय," काकू म्हणाल्या. "आमची हिरीवरची मोटार अशीच करायची. मोटार चांगली हाय तुजी, तिला उठाय जोर न्हाई."

विहिरीवरची ती मोटार वीस वर्षं काकूच सांभाळत होत्या, हे मला तेव्हा कळलं. मी पिन काढून मागचं झाकण उघडलं, तर त्यांनी माझा हात झटकला. आधी स्क्रू ड्रायव्हर आडवा लावून कंडेन्सरच्या दोन्ही तारा एकमेकींना टेकवल्या. "इजेचा काय भरवसा," म्हणाल्या. पिन काढली तरी कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते, हे पुस्तकात मीही वाचलं होतं. ऐन वेळी आठवलं नाही, एवढंच.

पौड रस्त्यावरच्या दुकानातून मी तस्साच नवा कंडेन्सर आणला, काकूंनी सांगितला तसा जोडला आणि मशीन सुरू झालं. मी लहान मुलासारखा ओरडलो. कपडे धुऊन होईपर्यंत काकू स्टुलावरून हलल्या नाहीत. "मोटार चालू ठिवून जाऊ न्हाई," म्हणाल्या.

संध्याकाळी बायको आली. काकू जिन्यातच भेटल्या. त्यांची मुलं खाली अंगणात गाडी धूत होती.

"झालं का हो काही?" बायकोनं विचारलं.

"झालं की. तुज्या नवऱ्यानंच केलं. इंजिनेर हाय त्यो."

काकूंनी माझी अब्रू वाचवली होती. गप बसायला माझं काय जात होतं? पण पदराला हात पुसत त्या मुकाट खाली निघाल्या आणि मला राहवेना. मी कठड्यावरून खाली ऐकू जाईल असा ओरडलो, "मी नाही, काकूंनी केलं! चार दिवस मी नुसता लाथा घालत होतो!"

बायको पोट धरधरून हसली. हसू दे. अंगणातला पाण्याचा पाइप मात्र बंद झाला आणि दोन्ही मुलं वर बघायला लागली. "काय वरडतुया येड्यावानी," काकू म्हणाल्या.

रविवारी सकाळी खालून थोरल्याचा आवाज आला, "आये, जरा हितं ये की. ह्यो मिक्सर फिरंना."

काकूंनी जायला चांगला वेळ लावला. मग ऐकू आलं, "पयलं सांग, हुं करतुया का?"