बाज वळायला हवी

सुधाकरचा फोन आला तेव्हाच मी काय ते ओळखलं. तो आणि वामनभाऊ भिंतीला भिंत लागून राहणारे, पण कित्येक वर्षं एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. "भाऊ गेले जी... या लवकर," एवढंच तो बोलला.

भांडण गल्लीचं होतं. मूल शहराकडच्या आमच्या गावात भाऊंचं घर गल्लीच्या आतल्या टोकाला. वळणावर सुधाकरने जिना बाहेर काढला. पुढे शांतावहिनी आजारी पडल्या, तर त्यांची बाज त्या वळणातून निघेना. शेवटी चादरीत घालून दवाखान्यात न्यावं लागलं. वहिनी बऱ्या होऊन आल्या, पण भाऊंच्या मनातून ते गेलं नाही. "बायकोले गाठोड्यावानी नेलं मी," म्हणायचे.

मग नगरपंचायतीत खेटे सुरू झाले. मी दोस्त, म्हणून माझ्याही चपला झिजल्या. तिथे नकाशा दाखवायचे. नकाशात गल्ली चांगली ऐसपैस. एकदा साहेब पाहणीला आले, तर भाऊंनी त्यांचा टेप बाजूला सारला आणि आम्हा दोस्तांच्या हाती बाज दिली. "साहेब, कागदावर नोका पाहू. हे वळते का पाहा." बाज जिन्याला अडकली. साहेब मान डोलावून निघाले, तसे भाऊ म्हणाले, "नीट दिसलं नसन. पुन्हा एकदा!" असा चिवट माणूस... नोटीस निघाली, साहेब बदलले, जिना तिथेच राहिला.

त्या दिवशी तिरडी उचलली आणि सगळ्यांना तेच वळण आठवलं. तेवढ्यात सुधाकरने घराचं गल्लीतलं दार उघडलं, मग रस्त्याकडचं. "इथून न्या." दुसऱ्याची तिरडी आपल्या घरातून कोण नेऊ देतो? त्याची बायको पडदा धरून उभी होती. टीव्ही-सोफ्याजवळून भाऊ गेले. मला रडू फुटलं ते तिथे. "वहिनीच्या वक्ताले हे दार उघडाचं सुचलंच नाई मले," सुधाकर वाटेत म्हणाला.

तेरवीनंतर त्याने जिना स्वतःच पाडला आणि मला बोलावलं. भाऊंच्या ओसरीतली बाज आम्ही दोघांनी उचलली. वळणावर कुठेच घासली नाही. आतून वहिनींनी विचारलं, "वळली का भाऊजी?"

"वळली, वहिनी."

सुधाकर बाज खाली ठेवेना. "भाऊनं एकदात मानलं नसतं," तो म्हणाला. मग आम्ही ती परत नेली, आणि पुन्हा एकदा वळवली.