मागची लिफ्ट

“मावशी, तुमची लिफ्ट मागे आहे.”

वॉचमनने हे माझ्या आईला सांगितले. त्या संध्याकाळी तिच्या अंबाड्यावर अबोलीची वेणी होती. गळ्यात एरवी सणालाच बाहेर निघणारे सोने होते. हिरवे लुगडे तिने असे चापून नेसले होते की त्याची सळसळ तिच्याआधी पोहोचत होती. डोक्यावर टोपली नव्हती. मासळी नव्हती. वास म्हणावा, तर तोही नव्हता. अबोलीला वास नसतो.

तरीही मागची लिफ्ट. कचऱ्याचे डबे जातात ती. जिची फरशी कधी वाळत नाही.

तिला बोलावणे धाडले होते ते आमच्या सोसायटीनेच. बोरिवलीच्या या टॉवरमध्ये मी राहायला आले, तेव्हा येथील माणसांत मिसळावे अशी मला भाबडी ओढ होती. सभेला जात असे. बोलायला उठले की सेक्रेटरी घड्याळ पाहत आणि म्हणत, “मॅडम, नंतर बोलू.” ते नंतर कधी उगवले नाही. मग वर्धापनदिन आला, कोळीनृत्य ठरले, आणि नवव्या मजल्यावर एक खरीखुरी कोळीण राहते याचा कमिटीला साक्षात्कार झाला.

“तुम्हीच शिकवा ना! तुमच्या तर रक्तातच आहे.”

माझ्या रक्ताची एवढी पारख असलेल्या या मंडळींना माझे नाव ठाऊक नव्हते. पण मी शिकवले, त्यांच्यासोबत नाचायचेही कबूल केले. वाटले, नाचातून का होईना, ओळख होईल. मग दुसरी फर्माईश आली. “आईंनाही आणा. ओरिजिनल पोशाखात गेटवर उभ्या राहतील. फोटो काय झकास येतील!”

आई हरखली. बाजारातला विकायचा माल बहिणीच्या हवाली करून, न्हाऊनमाखून, खाडी ओलांडून आली. कार्यक्रमाआधी घडीभर घरी टेकायला मी तिला लिफ्टकडे नेत होते. आणि वॉचमनने कमिटीचा नियम पाळला: कोळणींनी मागच्या लिफ्टने जावे. त्याची मान खाली होती. ती लाज नियम करणाऱ्यांच्या वाट्याला कधी आली नव्हती.

क्लबहाउसमधून सेक्रेटरी धावत आले. इस्त्रीच्या पँटवर लाल चौकड्यांचा रुमाल, डोक्यावर लाल टोपी, अंगाला महागडे अत्तर. एका संध्याकाळपुरते कोळी.

“अरे, सोड यांना! ह्या प्रोग्रामसाठी आल्यात.” मग माझ्याकडे वळून, “सॉरी मॅडम. तो नियम मच्छीवाल्यांसाठी आहे. तुमच्या आईंसाठी नाही.”

“माझी आई मच्छीवालीच आहे.”

“हो, पण आज नाही ना!”

आज नाही. टोपली उतरवून, धुऊनपुसून, शोभेपुरती आलेली कोळीण त्यांना चालत होती. जिवंत कोळीण नको होती.

आईने त्यांना रुमालापासून टोपीपर्यंत निरखले. “आज कोळी झालास ना रे? मग चल की माझ्यासंगं मागच्या लिफ्टनं!”

ते हसले. जागचे हलले नाहीत.

आत ढोलकी वाजू लागली होती. माझ्या विद्यार्थिनी नव्याकोऱ्या टोपल्यांत प्लास्टिकचे पापलेट घेऊन उभ्या होत्या. गुळगुळीत, निर्गंध, अगदी त्यांच्या आपुलकीसारखे.

“मी नाचणार नाही,” मी म्हणाले.

“अगं, ऐन वेळी? आमची वाट लागेल!” त्यांतली एक दारातूनच ओरडली.

लागू दे.

मी आईचा हात धरला आणि पुढच्या लिफ्टमध्ये शिरले. आत लिंबाच्या फवाऱ्याचा खोटा, गोडसर दर्प होता. आईने आरशात वेणी सारखी केली आणि सहज बोलून गेली, “मी नेहमी मागनंच येते गं बाय. टोपली असते ना. तुला बोलले नाय.”

नऊ मजले मी तिच्याकडे पाहू शकले नाही.

आता कमिटीची निवडणूक आहे. मी उभी आहे. सेक्रेटरींनी निरोप धाडला आहे: लिफ्टचा विषय सोडा, सांस्कृतिक विभाग तुम्हालाच देऊ. म्हणजे पुन्हा प्लास्टिकचे पापलेट. त्यांच्या औदार्याची झेप तेवढीच.

मी विषय सोडणार नाही. निवडून आले तर तो नियम पुसून टाकीन. पडले, तरी येत्या रविवारी माझी आई भरली टोपली घेऊन, बर्फाचे पाणी ठिबकवत, पुढच्या लिफ्टने वर येईल. शेजारी मी उभी असेन.

ज्यांना वास येईल, त्यांनी मागच्या लिफ्टने जावे.