दत्तूचा पेला

आमचे सुभेदार मेलेल्या दोस्तांना शिव्या देत. दर वर्षी जुलैतल्या एका ठरलेल्या सकाळी, कात्रपच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, स्टीलच्या चार पेल्यांत कॅन्टीनची रम ओतली जाई आणि एकेका पेल्यासमोर उभं राहून ते त्या त्या दोस्ताची लाज काढत. "सावंत, दुसऱ्याचे मोजे चोरणारा तू! शुगरनं पाय कापला ना? आता घाल मोजे." मग दोन घोट. चांगलं बोलायचं नाही, हा दंडक. "गुण गायला पुढारी आहेत. मी दोस्त आहे," म्हणायचे.

जिवंतांनाही सोडत नसत. मी खालच्या मजल्यावरचा, अंबरनाथच्या कारखान्यात ऑफिसला होतो. त्यांचा हात थरथरायला लागल्यापासून ओतायचं काम माझ्याकडे आलं. "कारकून, सांडू नकोस. जन्मात हे एकच महत्त्वाचं काम मिळालंय तुला." माझी बायको गेली त्या आठवड्यात भेटायला आले आणि म्हणाले, "आता स्वयंपाक शिक." असा संताप आला होता! तिसऱ्या दिवशी स्वतःच कुकर घेऊन आले, वरण शिकवलं, आणि करपलं म्हणून पुन्हा करायला लावलं. मला हा माणूस फार आवडायचा, हे सांगून टाकतो.

सावंत, बनकर आणि मोरे लढाईतून परत आले आणि पुढे आपापल्या घरी मेले. दत्तू तेवढा कारगिलला वरच राहिला. त्याची बायको पार्वतीबाई चामटोलीहून रिक्षाने यायची, तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट घेऊन, आणि भिंतीला टेकून बसायची. दत्तूची पाळी आली की सुभेदार म्हणत, "दत्तू भला माणूस होता. एका गोळीत गेला." आणि पेला घाईघाईने संपवत. बाई समोर आहे म्हणून, असं मला वाटायचं.

एका वर्षी ती म्हणाली, "भावजी, सगल्यांना शिव्या देता. माझ्याच मानसाला का नाय? तो दोस्त नव्हता?"

"होता."

"मंग खरा सांगा."

"वहिनी, जाऊ द्या ना," मी म्हटलं.

"कारकून, तू गप्प बस," म्हणत सुभेदार खाली बसले. पेल्यांसमोर ते कधी बसत नसत.

"गोळी पोटात लागली होती. आम्ही पाच जण खडकाआड, धुकं दाट. तो ओरडत होता आणि त्याच्या आवाजावर गोळ्या येत होत्या. मी त्याच्या तोंडावर हात दाबला."

"कवरा येल?"

"गप्प होईपर्यंत. नाकही दाबलं गेलं, ते मागाहून कळलं. आम्ही चौघं वाचलो."

"काय वरडत होता?"

"पारू. पारू म्हणत होता."

ती रडली नाही. भाकऱ्यांचं फडकं तिथंच ठेवून उठली. दारातून म्हणाली, "पुढल्या वर्षी येन. परत सांगायचा. दर वर्षी."

ही शिक्षा आहे हे आम्हा तिघांनाही कळलं होतं. सुभेदारांनी ती पुढे तीन वर्षं भोगली. बाकीच्या पेल्यांच्या शिव्या हळूहळू सुटल्या, दत्तूचं सांगणं तेवढं उरलं. त्यांचा आवाज बसला की ती म्हणे, "मोठ्यानं." त्या वेळी मला तिची चीड यायची. तिच्या नावापर्यंत गोष्ट आली की मात्र ती डोळे मिटून घ्यायची.

गेल्या मे महिन्यात सुभेदार गेले. प्रकरण संपलं, असं मी धरून चाललो होतो. जुलैतल्या त्या सकाळी माझ्या दाराची बेल वाजली. पार्वतीबाई उभी होती, एकटीच.

"भावजी नाय आता. तुमी आयकलाय ना? तुमीच सांगा."

मी तिला आत बसवलं आणि सांगितलं. खडक सांगितला, धुकं सांगितलं, तिच्या नावाची हाक सांगितली. हात तेवढा गाळला. गेलेल्या सुभेदारांसाठी एवढं तरी करावं, असं वाटलं.

ती डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिली.

"हाताचा ऱ्हायला," ती म्हणाली.

मग मी तोही सांगितला.