टोर्माला घराचा वाटा

फोन वाजला तेव्हाच ओइलीनं ओळखलं, पोरगा येत नाही. यायचं असतं तेव्हा यौको फोन करत बसत नाही, सरळ अंगणात गाडी आणून उभी करतो.

"आई, गाडीनं दगा दिला गं. पुढच्या आठवड्यात नक्की येतो."

"पुढच्या आठवड्यात येऊन काय करणार? टोर्मालाचा वार आज आहे."

"मग एवर्टकाकांना उभं कर ना."

"एवर्ट काय आपल्या घरात झोपतो?" असं म्हणून तिनं फोन आपटला, आणि मग तो फुटला तर नाही ना म्हणून परत उचलून बघितला.

या पोराला चाळीस वर्षांत एवढं कळू नये, याचा तिला जास्त संताप आला. आमच्या अलाकोस्कीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तोर्नियो नदी गावासमोर दगडांवरून धडधडत खाली जाते आणि उन्हाळ्यात सीका मासा त्याच धारेतून वर चढतो. नदीत शिरलेलं लाकडी मचाण सगळ्या गावात मिळून एकच, म्हणून घरागणिक वार लावलेले. ज्याचा वार त्यानं लांब दांड्याचं जाळं घेऊन दुपारभर मचाणावर राबायचं. मासे मात्र त्याचे नव्हेत. ते बर्फात साठवतात, वाटणीच्या संध्याकाळी त्यांचे ढीग होतात आणि प्रत्येक घराला एक मिळतो. वाटा हवा असेल तर आपल्या वाराला आपल्या घरचं माणूस हजर पाहिजे. घरचं माणूस म्हणजे आदल्या रात्री त्या छपराखाली झोपलेलं. मग ते पोटचं असो नाहीतर वाट चुकून आलेला पाद्री असो. वार चुकला की घराचं नाव वाटणीतून गेलं. ते परत मिळवायचं तर सगळ्या घरांनी हो म्हणायला हवं, आणि आमच्या गावात पाऊस पडतोय की नाही यावरसुद्धा सगळ्या घरांचं एकमत होत नाही.

माशाचं ओइलीला काही नव्हतं. मासा दुकानातही मिळतो. पण ती जंगलाकडच्या गावातून लग्न होऊन आली त्या दिवसापासून गावानं तिला नावानं हाक मारलेली नव्हती. ती टोर्मालाबाई. नवरा ओन्नी गेला तरी टोर्मालाबाईच. घराचं नाव वाटणीतून गेलं की माणसाचंही जातं, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. शेजारचा एवर्ट दोन उन्हाळ्यांपूर्वीपर्यंत सगळ्यांचा 'हन्नुला' होता. आता तो नुसता एवर्ट.

स्वतः उभं राहायचं तर तिच्या खुब्यात लोखंड बसवलेलं. मचाणाच्या ओल्या फळीवर पाय टाकलास तर परत माझ्याकडे येऊ नकोस, असा डॉक्टरनं दमच भरला होता. छपराखाली दुसरं कोण झोपलं होतं? तिनं खिडकीतून बाहेर पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

पायरीवर कास्पर बसला होता. तुर्कू शहरातला हा प्रवासी माळ्यावरच्या खोलीत उतरला होता, आणि शांतता शोधायला आलो आहे असं भेटेल त्याला सांगत होता. शांतता शोधायला धबधब्याशेजारी आलेला माणूस ओइलीनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. पहिल्याच सकाळी त्यानं विचारलं होतं, "ओइलीबाई, ही नदी रात्री जरा कमी वाजते का?" शिवाय तो मासे खात नव्हता. त्याच्यासाठी तिला रोज ओटची पेज करावी लागे, आणि तीसुद्धा दुधाशिवाय.

"ऊठ," ओइली म्हणाली. "बूट घाल. ओन्नीचे आहेत, मोठे होतील, मोजे दोन घाल."

"कुठं जायचंय?"

"मचाणावर. तू आज टोर्माला आहेस."

त्याला वाटलं, हा पाहुण्यांसाठी ठेवलेला खास कार्यक्रम आहे. तो इतका खूश झाला की तिला त्याच्याकडे बघवेना.

नदीवर गाव जमलं होतंच. शेजारची राकेल कॉफीची किटली घेऊन काठावर बसली होती, म्हणजे तमाशा होणार हे तिला आधीच कळलं होतं.

"टोर्मालाबाई, हा कुठून पैदा केलास?"

"रात्री माझ्या छपराखाली झोपलाय. घोरतो सुद्धा. खोटं वाटत असेल तर येऊन ऐक."

"नको बाई. आमच्या घरात आहे की एक."

ओइली काठावरच्या दगडावर उभी राहून ओरडू लागली. "जाळं वरच्या अंगाला टाक! तळाला लागू दे! आता धारेबरोबर खाली ने! अरे, धारेबरोबर म्हटलं, धारेशी भांडू नकोस! उचल!"

कास्परनं उचललं. जाळ्यात पाणी होतं, तेही गळून गेलं. पुन्हा टाकलं, पुन्हा पाणी. थोड्या वेळानं त्यानं जाळं फळीवर आडवं ठेवलं आणि नदीचा फोटो काढला.

"फोटो कसला काढतोस? ती कुठं पळून जाणार आहे का?"

"ओइलीबाई, इथं उभं राहिलं की मन कसं रिकामं होतं!"

"जाळंही रिकामंच आहे. आधी ते भर."

काठावर हशा पिकला. ओइलीला हसू येईना. ऊन उतरत चाललं होतं, तिचा खुबा ठणकत होता, घसा बसला होता. मनातल्या मनात ती यौकोला, त्याच्या गाडीला, ती गाडी विकणाऱ्याला आणि एवढ्या लवकर मरून गेलेल्या ओन्नीला शिव्या घालत होती. ओन्नी इथं नुसता उभा राहिला तरी मासे यायचे. ओन्नी असता तर हा शहाणा या घडीला पायरीवर बसून शांतता शोधत असता आणि कुणाचं काही बिघडलं नसतं.

एवढ्यात दांडा वाकला. कास्परनं कसंबसं जाळं वर ओढलं. आत हातभर लांबीचा सीका तडफडत होता, चांगला जाडजूड. गाव उठून उभं राहिलं. एक मासा काठावर आला की वार पाळला की नाही यावर बोलायला जागाच उरत नाही.

कास्परनं मासा दोन्ही हातांत घेतला. त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "किती सुंदर आहे हा," तो म्हणाला, खाली वाकला आणि मासा अलगद पाण्यात सोडून दिला.

राकेलची कॉफी कपाबाहेर गेली.

"अरे गाढवा!" ओइली किंचाळली. "अरे, माझं घर सोडलंस तू पाण्यात!"

तो वळून हसला. नदीच्या आवाजात त्याला काहीच ऐकू गेलं नव्हतं. त्यानं हात हलवला. त्यानंतर त्याच्या जाळ्यात शेवाळाखेरीज काही आलं नाही, आणि ओइलीही पुन्हा ओरडली नाही.

वाटणी त्याच संध्याकाळी होती. आदल्या वारांचे मासे बर्फातून काढून गवतावर ओतले. ढीग लावायचं काम एवर्टचं. स्वतःच्या घराला वाटा नसूनही ते त्याच्याकडेच राहिलं होतं, कारण त्यानं लावलेल्या ढिगांवरून आजवर कुणी भांडलं नव्हतं. नावं पुकारायचं काम ओइलीचं, सासूनं मरताना दिलेलं. ढिगांकडे पाठ करून, नदीकडे तोंड करून उभं राहायचं. मागून एवर्ट एकेका ढिगावर काठी टेकून विचारणार, हा कुणाचा, आणि तिनं मनाला येईल त्या घराचं नाव घ्यायचं. कोणता ढीग कुणाला गेला ते पुकारणारीलाही कळत नाही. मात्र वार पाळला की चुकला यावर वाद पडला तर कोणाचं नाव घ्यायचं आणि कोणाचं नाही, यात शब्द तिचाच चालतो.

दोन उन्हाळ्यांपूर्वी तो शब्द तिनं चालवला होता. हन्नुलाच्या वाराला एवर्टचा हात प्लॅस्टरमध्ये होता. घरात दुसरं माणूस नाही. तो गडी एका हातानं जाळं धरून दुपारभर उभा राहिला आणि काही मिळालं नाही. गावात दोन तट पडले. "उभं राहणं म्हणजे मासेमारी नव्हे," ओइली म्हणाली होती आणि तिनं हन्नुलाचं नाव घेतलं नव्हतं. त्यानंतर कुणी देऊ केलेला एक मासाही एवर्टनं घेतला नाही.

ती पाठ करून उभी राहिली.

"हा कुणाचा?" मागून एवर्टचा आवाज आला.

"केस्किताला."

"हा कुणाचा?"

"राउहाला."

एकेक नाव ती घेत गेली. आपलं घेतलं नाही. शेवटचं नाव संपलं तेव्हा ती म्हणाली, "झालं."

"नाही झालं," एवर्ट म्हणाला. "एक ढीग आहे. हा कुणाचा?"

"मोजायला चुकलास, एवर्टा."

"मी चुकत नाही. हा कुणाचा?"

"माझ्या माणसानं एक मासा आणला नाही. आणलेला सोडून दिला. सगळ्या गावानं बघितलंय."

"पण उभा राहिला होता ना? उभं राहायला पाहिजे एवढंच म्हणतात. अक्कल पाहिजे असं कुणी म्हणत नाही."

लोक हसले. ओइलीला मात्र असा राग आला की कान तापले. दया करायला कुणी सांगितलं होतं याला? नाव घेतलं तर टोर्माला वाचतं. पण नुसतं उभं राहणं आज चालत असेल तर दोन उन्हाळ्यांपूर्वीही चालायला हवं होतं. तेव्हा तर तो एका हातानं राबला होता. म्हाताऱ्यानं कोंडीत धरलं होतं आणि वर साळसूदपणे काठी टेकून उभा होता. की त्याच्या मनात असं काहीच नव्हतं? तसं असेल तर ते आणखी वाईट.

"हा कुणाचा, टोर्मालाबाई?"

"हन्नुला!" ती ओरडली. आवाज भांडणाचाच होता. "हन्नुला म्हणतेय! ऐकू येत नाही का?"

एकाही घरानं हरकत घेतली नाही. तिला वळून बघायचं होतं, पण पुकारणारीनं वळायचं नसतं. मग गवतावरून मासे ओढल्याचा ओला आवाज आला. कुणीतरी एका ढिगाचे दोन करत होतं.

"आणि हा?" एवर्टनं विचारलं. "हा कुणाचा?"

"टोर्माला," ओइली म्हणाली. ते जेमतेम तिलाच ऐकू गेलं.

काठावरून कास्पर धावत आला. दोन मोज्यांतही ओन्नीचे बूट पायांत लडबडत होते आणि हातात फोन वर धरलेला होता.

"ओइलीबाई, शेवटची दोन नावं परत एकदा घ्याल का? माझं रेकॉर्डिंग चालूच झालं नव्हतं."

मेल्या, आता तुला नदीत ढकलते, असं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं. डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं नाक पुसलं, नदीकडे तोंड केलं आणि पलीकडच्या तीरापर्यंत जाईल अशा आवाजात दोन्ही नावं पुन्हा पुकारली.