तुळशीखालचा दगड

घडीव दगड दिसला की विकासची मोटारसायकल आपोआप थांबायची. वाशीमला शाळेच्या मुलांची ऑटो चालवणारा हा माणूस, सुट्टी मिळाली की जुन्या चर्चच्या खुणा हुडकत हिंडायचा. कुणाच्या ओट्याला कमानीचा दगड बसवलेला, कुणाच्या विहिरीवर खांबाचा तुकडा आडवा टाकलेला. ते बघून हा खूश!

"लोकं सोनं शोधतेत, तुमी दगोटे शोधून राह्यले," बायको वर्षाराणी टोमणा मारायची.

पण या खेपेला तिनंच त्याला पिटाळलं होतं. रविवारी त्यांच्या तान्ह्या लेकीचा बाप्तिस्मा होता आणि विकासच्या वडिलांनी, जगदेवबाबांनी, एकच धोशा लावला होता. "माह्या डोक्यावर ज्या कुंडातलं पानी पडलं, त्यातलंच नातीच्या डोक्यावर पडलं पायजे."

ते कुंड होतं अनसिंगकडच्या एका गावातल्या चर्चमध्ये. चर्च कोण्या परदेशी फादरनं दुष्काळाच्या सालात बांधलं, असं म्हणत. पुढे त्यातली माणसं पोटापाण्यासाठी पांगली, छप्पर बसलं आणि दगड गावानं वाटून नेले. कुंड कुणी नेलं, हे मात्र कुणालाच सांगता येईना.

"आठ कोनाचं, काळ्या दगडाचं, बुडाले भोक. पाह्यलं का कुठी?" विकास घरोघर विचारत होता. शेवटी एका म्हाताऱ्यानं तोंडातला तंबाखूचा खर्रा गालाआड सारून हात केला. "भोकाचं ना? रंगूबाईच्या आंगनात जा."

अंगणात तुळस डवरलेली. तिच्याखाली गेरूनं रंगवलेला दगड. विकासनं कोन मोजले. आठ!

"काय पाहून राह्यला, बापू?" रंगूबाई झाडू घेऊनच बाहेर आल्या.

"मावशी, हा दगड कुठून आला?"

"सासऱ्यानं आनला बैलगाडीत. ढोरांच्या पान्यासाठी. पन भरलं का गळे, भरलं का गळे! मंग सासू म्हने, हा तुळशीसाठीच घडवला कोनंतरी. पानी साचत नाही, मुळं सडत नाही."

विकास उकिडवा बसला. एका बाजूला कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक होतं. त्यानं बोट फिरवलं, तर कोरलेल्या रेघा फक्त दोन, एक उभी, एक आडवी. बाकीची वळणं नुसत्या कुंकवाची.

"तो पाथरवट कामचुकार," रंगूबाई म्हणाल्या. "अर्धंच सोडलं मेल्यानं. मी दर दिवाळीले पुरं करतो."

विकासला हसू आवरेना. "मावशी, ते पुरंच हाये. तो क्रूस हाये."

रंगूबाईंच्या हातातला झाडू खाली गेला. "म्हंजे इतके वर्सं मी तुमच्या देवाचे हात वाकवून राह्यली?"

"रागावला नसन तो. तुळस पाहा न कशी फोफावली!"

"अन् हे भोक कायले?"

"बाप्तिस्म्याचं पानी नालीत जाऊ नये, त्याच्यावर कोनाचा पाय पडू नये. म्हनून ते सरळ जमिनीत सोडाचं."

"अगं माय! तुळशीचं पानी आमीबी वलांडत नाही." त्यांनी तांब्याभर पाणी तुळशीत ओतलं आणि दोघंही वाकून बसले, दगडाखालून ओल कधी फुटते ते बघत. फुटली, तशी दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

मग विकासनं हळूच विचारलं. "पोरीचा बाप्तिस्मा हाये, अन् माह्या बाबाले याच कुंडातलं पानी पायजे. रविवारी नेऊ देसान का?"

"रविवारी? त्याच्यापुढच्या बुधवारी लग्न हाये तुळशीचं! नवरीले मांडवातून उठवतेत का कोनी?" रंगूबाईंनी दगडावरून हात फिरवला. "लग्न लागू दे. मंग तुळस मी दुसरीकडं लावतो अन् याले माहेरी न्या. पन मुराळी धाडा चांगला. तुह्या बापालेच घेऊन ये."

वेशीवर येऊन विकासनं फोन लावला. "बाबा, भेटलं कुंड."

पलीकडून खाकरल्याचा आवाज आला. "घेऊन ये मंग! काहून थांबला?"

"रविवारी नाही भेटत. त्यात तुळस हाये, अन् बुधवारी तिचं लग्न हाये. त्याच्याबाद देतो म्हनतेत. तुमालेच बलावलं मुराळी म्हनून."

विकास कान देऊन उभा राहिला. म्हातारा आता तडकणार, असंच त्याला वाटलं.

"वर्षाराणी," बाबांनी घरात हाक मारलेली फोनमधून ऐकू आली, "फादरले सांग, बाप्तिस्मा पुढच्या रविवारी. अन् माह्या कोटाले इस्तरी कर. लग्नाले जाचं हाये."