गोल कडांचा बाक

आधी तो फळीच्या कडेवरून अंगठा फिरवायचा, मग मनगटाची आतली बाजू. जरा खुपलं की फळी माझ्याकडे सरकवायचा. "मिस्त्री, अजून एक हात पॉलिश पेपर मारा. माणसाच्या अंगाला लागायचंय."

अष्टमीत माझं सुतारकामाचं दुकान. तो धाटावला कंपनीत ऑपरेटर. फर्स्ट शिफ्ट सुटली की तांबारलेल्या डोळ्यांनी तसाच यायचा, लाकूड कापून न्यायचा आणि घरी मागच्या खोलीत स्वतः जोडायचा. इंटरनेटवरून छापून आणलेला नकाशा असे, पण चित्राचा भाग दुमडून टाचणी मारलेला. मी मापं वाचायची, चित्राचं विचारायचं नाही.

शिफ्टवरून आलेला माणूस घरी जाऊन आडवा होतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. हा रंधा धरायचा.

"दमत नाय का रे?"

"दमतो ना. पण तिकडं नुसता व्हॉल्व फिरवायचा. हितं काहीतरी होताना दिसतं."

एकदा टाचणी निघाली. वर मऊ गादी, खाली गुडघे टेकायला फळ्या, चारी कोपऱ्यांना कड्या आणि कड्यांना पट्टे. नवरा-बायकोच्या खासगी सुखाचा बाक होता तो. एकाने राजीखुशीने बांधून घ्यायचं, दुसऱ्याने बांधायचं. जन्मभर मी देव्हारे आणि पलंग केले, असलं काही पाहिलं नव्हतं. माझे कान तापले.

तो फळीकडेच बघत राहिला. "काम करायचं नसेल तर तसं सांगा. पण बाहेर बोलू नका. बायकोच्या नावाचा प्रश्न हाय."

मी नकाशा परत दुमडून टाचणी लावली आणि म्हटलं, "कड्यांना खिळे नको मारू. आरपार बोल्ट घाल."

पुढच्या आठवड्यात त्याची बायकोच आली, हातात भाजीची पिशवी. बाकाचा पाय स्वतःच्या पायाशी उभा धरून म्हणाली, "भाऊ, दोन इंच कमी करा. माझे गुडघे टेकत नायत." तो मागे उभा, लाजून लाल. तेव्हा कळलं, सगळी मापं तिची होती. त्या दिवशी घरी जेवताना मी माझ्या बायकोकडे पाहत बसलो. तिला काय खुपतं हे मी कधी विचारलं नव्हतं.

बाक झाला. दोन वर्षांनी तो गेला, सुट्टीच्या दिवशी, दुपारच्या झोपेत. दहाव्याच्या आधी ती दुकानात आली. "गागोद्याहून सासरचे सगळे यायचेत, भाऊ. बाक तुमच्याकडे ठेवा. माणसं गेली की मला परत न्यायचाय."

मी हातगाडी घेऊन गेलो. कड्यांचे पट्टे तिने आधीच सोडून ठेवले होते. बाक बाहेर काढतोय तोच दीर दारात, एक दिवस आधीच आलेला.

"ह्यो काय हाय?"

ती पांढरी पडली. माझ्या तोंडून निघून गेलं, "पाठीच्या दुखण्याचा बाक. डॉक्टरनं सांगितलेला." काय अक्कल चालवली, असं मलाच वाटलं. दिराने त्यावर पालथं पडून पाहिलं. "आयची पाठ लय धरते. ह्यो मी गागोद्याला नेतो." ती माझ्याकडे बघत होती. नाही कशी म्हणणार?

"न्या," ती म्हणाली.

अब्रू राखायला गेलो आणि तिची वस्तू घालवून बसलो. अजून स्वतःचा राग येतो.

पुढे चौकटीच्या कामासाठी गागोद्याला गेलो. ओटीवर त्याची आई त्या बाकावर पडलेली, कडीला पानाची चंची टांगलेली. कडेवरून हात फिरवत मला म्हणाली, "माझ्या लेकानं केलाय. कुठं कुसळ म्हणून नाय बघ."

परतताना अष्टमीत तिच्या दारात थांबलो आणि हे सांगितलं. मागची खोली उघडी होती. फरशीवर चार पायांच्या खुणा तशाच होत्या.

"आई हात फिरवतात त्याच्यावर?"

"व्हय."

"फिरवू दे," ती म्हणाली. स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवरून ती अंगठा फिरवत होती.